अवस्थेवर बंधन असलेलं इष्टतम नियंत्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी यंत्रणा कमीत कमी खर्चात कशी चालवायची, याचं गणित म्हणजे इष्टतम नियंत्रण. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या इंजिनिअरिंगच्या आणि एमएस्सीच्या मुलांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. शाळा मराठीतून, कॉलेज इंग्रजीतून, हॉस्टेलवर कन्नड. सूत्र पाठ असतं, पण कोस्टेट (अवस्था जराशी बदलली तर पुढचा खर्च किती बदलेल, तो भाव) मध्येच उडी का मारते हे आपल्या भाषेत विचारायची वेळ सहसा येत नाही. प्रश्न आले तसेच ठेवले आहेत. सगळीकडे खर्च कमीत कमी करायचा आहे असं धरलंय. खुणा अशा: क्ष म्हणजे अवस्था, न म्हणजे नियंत्रण, प म्हणजे कोस्टेट, ह म्हणजे हॅमिल्टोनियन (खर्चाचा दर आणि कोस्टेट एकत्र करणारी राशी, सूत्र प्रश्न २ मध्ये), ल म्हणजे खर्चाचा गुणक, म म्हणजे बंधनाचा गुणक.

१. स्टेट कन्स्ट्रेंट म्हणजे नेमकं काय? कंट्रोलवर पण मर्यादा असतेच की, मग वेगळं काय त्यात?

चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरणारी गाडी घ्या. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर तुमच्या पायाखाली आहेत, ते नियंत्रण. वेग ही अवस्था. पेडल तळापर्यंतच दाबता येतं ही नियंत्रणावरची मर्यादा, आणि ती त्या त्या क्षणी पाळली की विषय संपला. "वळणावर वेग ताशी ३० च्या वर नको" ही मात्र अवस्थेवरची मर्यादा. वळणावर पोचल्यावर ती पाळू म्हणाल तर उशीर झालेला असतो, ब्रेक आधीच लावावा लागतो. बंधन लागू होतं एका ठिकाणी आणि त्याची किंमत मोजली जाते त्याच्या आधी. या विषयातली सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हेच भट्टीच्या रूपात दिसतं. बर्नरचा व्हॉल्व्ह तुमच्या हातात असतो, पण तापमान हातात नसतं. ते व्हॉल्व्हच्या मागून येतं.

२. आवश्यक अटी किती आणि कोणत्या? एकदा ओळीनं सांगा.

क्ष बदलण्याचा दर क्ष′ = फ(क्ष, न), खर्चाचा दर क(क्ष, न), बंधन ग(क्ष) ≤ ० असं धरा. ह = ल·क + प·फ. इष्टतम मार्गासाठी असे ल, प आणि म सापडलेच पाहिजेत, की:

ल ऋण नाही आणि तिन्ही एकाच वेळी शून्य नाहीत. प्रत्येक क्षणी, फार तर नगण्य क्षण वगळता, परवानगी असलेल्या सगळ्या नियंत्रणांत ह सर्वात लहान करणारं न तेच निवडलेलं आहे. म वेळेच्या रेषेवर वजन ठेवतो, कुठे पसरून (एकक वेळेमागे किती, ती त्याची घनता), कुठे एकाच क्षणी ठोस; हे वजन कुठेही ऋण नाही आणि ग = ० असेल तिथेच असतं; मार्ग सीमेपासून सुटा आहे तिथे म गप्प. कोस्टेटचं समीकरण प′ = −(ह चं क्ष-अवकलन) − (ग चं अवकलन) × (म ची घनता), आणि म नं एखाद्याच क्षणी ठोस वजन टाकलं असेल तर प तिथे (ग चं अवकलन) × (ते वजन) इतका खाली उतरतो. शेवटची अवस्था मोकळी असेल तर शेवटचा प टोकाच्या खर्चावरून ठरतो (अपवाद प्रश्न ११ मध्ये). फ, क, ग यांत वेळ थेट येत नसेल तर ह सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच किमतीवर राहतो.

ही शेवटची अट बरेच जण सोडून देतात. हातानं सोडवताना तिच्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

या अटींमागचं सोव्हिएत गणिती पोन्ट्र्यागिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मूळ तत्त्व १९५० च्या दशकातलं आणि त्यांचा ग्रंथ १९६१ चा. अवस्थेवरच्या बंधनांसाठी गामक्रेलिझे यांनी १९६० च्या सुमारास अटी दिल्या, पण मार्ग सीमेवर कसा वागतो याबद्दल बरंच गृहीत धरून. गुणक माप म्हणून (वेळेवर वजन वाटणारी गोष्ट म्हणून, पाहा प्रश्न ४) येतो ते सर्वसाधारण रूप दुबोवित्स्की आणि मिल्युतिन यांच्या १९६५ च्या कामातून आलं. पोन्ट्र्यागिन यांनी ह महत्तम केला, आपण किमान करतो. प चं चिन्ह उलटलं की दोन्ही एकच.

३. हातानं सुटेल असं एक उदाहरण दाखवा. सगळ्या अटी लावून.

कारखान्यातली पाण्याची टाकी. सुरुवातीला १ हजार लिटर, ३ तासांनी परत १ हजार लिटर हवं. पंप तासाला जास्तीत जास्त १ हजार लिटर आत किंवा बाहेर करू शकतो. साठा ठेवण्याचा खर्च साठ्याच्या प्रमाणात, म्हणून क्ष चं ३ तासांचं संकलन कमीत कमी करायचं. टाकी रिकाम्याच्या खाली जात नाही, म्हणजे क्ष ≥ ०.

क्ष′ = न, न हा −१ ते १ मध्ये, ग = −क्ष. ल = १ घ्या. ह = क्ष + प·न. तेव्हा प धन असेल तर न = −१, ऋण असेल तर न = १, आणि शून्य असेल तर ह काहीच सांगत नाही. कोस्टेट: प′ = −१ + (म ची घनता).

पहिला तास: टाकी उपसली जाते, म गप्प, प = १ − वेळ. तासाच्या शेवटी प शून्यावर, टाकीही शून्यावर. दुसरा तास: टाकी रिकामीच ठेवायची, न = ०. त्यासाठी प शून्यावर राहायला हवा, म्हणून घनता बरोबर १. ती ऋण नाही, अट पाळली गेली. तिसरा तास: म परत गप्प, प = २ − वेळ, म्हणजे ऋण, म्हणून न = १ आणि टाकी भरते. ह तपासा: पहिल्या तासात (१ − वेळ) − (१ − वेळ) = ०, दुसऱ्यात ०, तिसऱ्यात (वेळ − २) + (२ − वेळ) = ०. जुळलं. एकूण खर्च ½ + ० + ½ = १.

आता गंमत बघा. म चं एकूण वजन १ × १ तास = १. टाकीखाली ०.१ हजार लिटरचा खड्डा मिळाला, म्हणजे क्ष ≥ −०.१ चाललं, तर खर्च १ − ०.१ + ०.०१ = ०.९१ होतो. सैल केलेल्या प्रत्येक एककामागे खर्च सुरुवातीला १ या दरानं घटतो, आणि म चं वजनही १ च. हा गुणक म्हणजे बंधनाचा बाजारभाव आहे.

४. पण गुणक "माप" का म्हणायचा? साधं फलन का नाही? नुसता जडपणा वाटतो.

बंधन एका क्षणापुरतंच लागू शकतं, म्हणून. नियंत्रणावरची मर्यादा एका क्षणाला मोडली तर संकलनात काही फरक पडत नाही. तो क्षण विसरता येतो. अवस्था संतत असते. ती एका क्षणी सीमेच्या वर गेली तर आजूबाजूचा तुकडाही वर गेलेला असतो. त्यामुळे एकाच क्षणाच्या बंधनाला खरी, शून्य नसलेली किंमत असू शकते. साधं फलन एका बिंदूवर वजन ठेवू शकत नाही, माप ठेवू शकतं. आणि संतत फलनांच्या अवकाशावरचे संतत रेषीय फलनक (फलन घेऊन एक आकडा देणारे नियम) म्हणजे मापंच, असं रीसचं प्रमेय सांगतं. त्यामुळे माप ही हौस नाही. फलन हवंच म्हणून हट्ट धरलात तर काही प्रश्नांना अटी लागूच होणार नाहीत. उदाहरण खालीच आहे.

५. कोस्टेटची उडी नेमकी कुठे पडते, केवढी असते?

ब्रायसन-डेनहॅम या नावानं ओळखला जाणारा प्रश्न इथे सगळ्यात उपयोगी. फाउंड्रीतली रुळावरची ट्रॉली समजा. सुरुवातीला स्थान ०, वेग सेकंदाला १ मीटर. १ सेकंदानं परत स्थान ० वर, वेग −१. समोर भ मीटरवर भिंत, म्हणून स्थान ≤ भ. त्वरण हेच नियंत्रण न; त्याच्या वर्गाच्या निम्म्याचं संकलन किमान करायचं.

वेगाचा कोस्टेट प२ म्हटला तर इथे न = −प२ येतं, आणि स्थानाचा कोस्टेट प१ म्हणजे न चा उतार. भिंतीच्या अंतरावर उत्तराची जातच बदलते:

भ ¼ किंवा त्याहून मोठा: भिंत आड येत नाही. न = −२ स्थिर, ट्रॉली ०.२५ मीटरपर्यंत जाऊन परतते, खर्च २.

भ ¼ आणि ⅙ च्या मध्ये: ट्रॉली अर्ध्या सेकंदाला भिंतीला एकदाच टेकते. भ = ०.२ घ्या. न सुरुवातीला −३.२, टेकताना −०.८. प१ पहिल्या अर्ध्यात ४.८, दुसऱ्या अर्ध्यात −४.८. म्हणजे एकाच क्षणी ९.६ ची उडी. खर्च २.२४. भिंत जरा मागे सरकवली तर खर्च मीटरमागे ९.६ या दरानंच घटतो. ह आधी −०.३२, टेकताना −०.३२, नंतरही −०.३२.

भ ⅙ पेक्षा लहान: ट्रॉली ३भ या क्षणी भिंतीला लागते आणि १ − ३भ ला सुटते. भ = ०.१ ला ०.३ पासून ०.७ सेकंदापर्यंत ती भिंतीशी उभी. खर्च ४/(९भ) = ४.४४. प१ ०.३ ला २२.२२ वरून ० वर, आणि ०.७ ला ० वरून −२२.२२ वर. मधल्या ०.४ सेकंदात म पूर्ण गप्प आहे, जरी बंधन तिथे शेवटपर्यंत लागलेलं आहे. सगळं वजन दोन टोकांवर.

"बंधन लागलंय तिथे गुणक धन असलाच पाहिजे" ही चूक सर्वात जास्त दिसते. अट उलटी आहे: गुणक धन असेल तर बंधन लागलेलं असलं पाहिजे.

६. आधी बंधन सोडून उत्तर काढलं आणि सीमेबाहेरचा भाग कापून टाकला, तर चालतंय काय?

टाकीत चालतं, आणि म्हणूनच सवय लागते. प्रश्न ३ मध्ये बंधन सोडलं तर टाकी दीड तासाला −०.५ वर जाते आणि परत येते. शून्याखालचा भाग कापला की खरं उत्तरच हाती येतं. हा योगायोग आहे. ट्रॉलीत भ = ०.१ ला तसं करून बघा: ट्रॉली सुमारे ०.११३ सेकंदाला भिंतीवर पोचते तेव्हा वेग अजून ०.७७ आहे, आणि पुढच्याच क्षणी तो शून्य हवा. इतकं त्वरण कुठून आणणार? कापलेला आलेख कागदावर छान दिसतो, मार्ग म्हणून तो शक्यच नाही. खरी ट्रॉली पहिल्या क्षणापासून −६.६७ नं ब्रेक लावते, भिंत लांब असतानाच.

७. बंधनाची ऑर्डर कशी काढायची? परीक्षेत विचारतात आणि सगळे अंदाजाने लिहितात.

ग चं वेळेनुसार अवकलन करत जा. पहिल्यांदा ज्या अवकलनात न उघड दिसतं, तो आकडा म्हणजे बंधनाची कोटी (ऑर्डर). टाकीत ग = −क्ष, ग′ = −न, कोटी १. ट्रॉलीत स्थान, मग वेग, मग त्वरण, कोटी २.

भट्टीत जपून. भट्टीच्या हवेच्या तापमानावर बंधन असेल तर इंधन त्यावर थेट काम करतं, कोटी १. कास्टिंगच्या तापमानावर असेल तर इंधन हवा तापवतं आणि हवा कास्टिंग तापवते, म्हणून कोटी २. सेन्सर कुठे बसवलाय यावर अख्ख्या उत्तराची जात बदलते. भट्टीच्या भिंतीतून उष्णता जाण्याचं आंशिक अवकल समीकरण घेतलंत तर कोटी ही कल्पनाच डळमळते, ते वेगळं शास्त्र.

कोटी १ ला मार्ग सीमेवरून सरळ चालतो आणि कोस्टेट बहुधा संतत राहतो. कोटी २ ला नुसतं टेकून परतणं आणि सीमेवरून चालणं दोन्ही दिसतं. कोटी ३ ला गोष्ट विचित्र होते: रॉबिन्स यांनी १९८० मध्ये दाखवलेल्या उदाहरणात मार्ग सीमेवर स्थिरावण्याआधी तिला अनंत वेळा टेकतो, दर वेळचं अंतर आधीपेक्षा कमी. म्हणून "सीमाखंड किती?" हे आधी ठरवून समीकरणं मांडणाऱ्या रीती तिथे फसतात.

८. एका पुस्तकात प संतत आहे, दुसऱ्यात त्याच प्रश्नात प ला उडी आहे. कुठलं खरं?

दोन्ही. एक पद्धत ग लाच गुणक लावते; आपण तीच वापरतोय. दुसरी पद्धत न दिसेपर्यंत ग चं अवकलन करते आणि त्या अवकलनाला गुणक लावते. दोघींचे कोस्टेट वेगळे असतात, फक्त नाव एकच ठेवल्यानं घोटाळा होतो.

टाकीवर दुसरी पद्धत लावा. गुणक घ म्हणा. सीमेवर नवा कोस्टेट घ इतका, आणि त्याचा उतार −१. दुसऱ्या तासाच्या शेवटी घ = ०, म्हणून सुरुवातीला घ = १. म्हणजे नवा कोस्टेट पहिला तास संपताना ० वरून १ वर उडी मारतो आणि मग २ − वेळ या रेषेवरून उतरतो. जुना प तिथे संतत होता. नवा कोस्टेट वजा घ केलं की जुना प मिळतो.

दुसऱ्या पद्धतीत घ ≥ ० एवढंच पुरत नाही. घ सीमेवर वाढता कामा नये हेही तपासावं लागतं, कारण घ चा उतार म्हणजे आपल्या म ची ऋण घनता. ही अट गाळल्यामुळे चुकीचे मार्ग "इष्टतम" ठरलेले बरेच दिसतात. पद्धती मिसळू नका. एक धरा आणि शेवटपर्यंत तीच न्या.

९. सुरुवातच सीमेवर असेल तर? माझ्या प्रश्नात सगळेच मार्ग अटी पाळतात, काय चुकलं?

तुमचं काही चुकलेलं नाही, अटीच पोकळ झाल्या आहेत. टाकी सुरुवातीला रिकामी धरा. ल = ० घ्या, म चं १ वजन पहिल्याच क्षणी ठेवा, प सुरुवातीला −१ आणि लगेच ०, मग शेवटपर्यंत ०. प्रश्न २ मधल्या सगळ्या अटी पाळल्या जातात, "तिन्ही एकाच वेळी शून्य नाहीत" हीसुद्धा, आणि न काहीही असलं तरी. खर्चाचा उल्लेखच उरला नाही.

यावर १९९० च्या दशकात आरुत्युनोव, असेयेव, व्हिंटर वगैरेंनी बरंच काम केलं. व्यवहारातलं सार असं: सीमेवर असताना आत वळवणारं एखादं नियंत्रण उपलब्ध आहे का ते पाहा. टाकीत न = १ आहे, आत वळता येतं. मग पहिल्या क्षणाचं वजन सोडूनही काहीतरी शून्य नसलेलं उरलं पाहिजे, अशी कडक अट लावता येते आणि पोकळ गुणक गळून पडतात. आत वळायला काहीच नसेल तर ल = ० ची शक्यता गंभीरपणे घ्या. "ल = १ घेऊ" असं पहिल्या ओळीत लिहून टाकायची सवय इथे महागात पडते.

१०. अटी पूर्ण झाल्या म्हणजे उत्तर इष्टतमच ना?

नाही. या आवश्यक अटी आहेत. गतिकी (क्ष′ चं समीकरण) रेषीय, खर्च बहिर्वक्र (कॉन्व्हेक्स), बंधन बहिर्वक्र आणि ल = १ असेल तर त्या पुरेशाही ठरतात; टाकी आणि ट्रॉली दोन्ही त्यात बसतात. बाकी ठिकाणी अनेक उमेदवार निघतात, सगळ्यांचा खर्च काढून तुलना करावी.

११. बंधन अगदी शेवटच्या क्षणी लागलं तर टोकाची अट कुठल्या प ला लावायची, उडीच्या आधीच्या की नंतरच्या?

नंतरच्या. शेवटच्या क्षणीही म वजन ठेवू शकतो. आधीच्या प ला अट लावली तर ती उडी हरवते.

१२. संगणकावर सोडवलं, तर गुणकात सुळके येतात. जाळी बारीक केली की ते अजून उंच होतात. सॉल्व्हर बिघडलाय काय?

बहुतेक नाही, तो तुम्हाला प्रश्न ५ चीच उडी दाखवतोय. कॅसएडी आणि आयपॉप्ट (असे प्रश्न संगणकावर मांडायची आणि सोडवायची साधनं) वापरून वेळेच्या जाळीतल्या प्रत्येक बिंदूवर बंधन लिहिलं, तर सॉल्व्हर परत देतो ते त्या बिंदूवरचं वजन, घनता नव्हे. घनता हवी तर पायरीच्या लांबीनं भागा; ठोस वजनाला असं भागलं की पायरी लहान होईल तसा सुळका उंचच होत जातो. चाचणी सोपी: पायरी निम्मी करा. भागण्याआधीचा आकडाही निम्मा झाला तर ती घनता, तसाच राहिला तर ठोस वजन. टाकीत ०.०१ तासाच्या पायरीला प्रत्येक बिंदूवर ०.०१ दिसेल, ०.००५ ला ०.००५. ट्रॉलीत भ = ०.१ ला टोकांवर २२ च्या आसपास दिसेल आणि पायरी कमी केली तरी तेवढंच राहील. कधी ते शेजारच्या दोन बिंदूंत वाटलं जातं, तेव्हा बेरीज बघा. चिन्ह सॉल्व्हरच्या रिवाजाप्रमाणे उलटं असू शकतं.

दंड लावून बंधन काढून टाकायचं असेल तर किती दंड हेही आधी काढता येतं. टाकीत दंडाचा दर द × (उल्लंघनाचा वर्ग) लावला तर सीमेवर १ = २·द·उल्लंघन, म्हणजे उल्लंघन १/(२द). १० लिटरपेक्षा जास्त चूक नको तर द = ५० लागेल. २·द·उल्लंघन हाच घनतेचा अंदाज, इथे बरोबर १.

आणि दोन बिंदूंच्या मध्ये बंधन मोडलंय का ते वेगळं तपासा. सॉल्व्हर फक्त बिंदूंवर बघतो.

१३. हिडकल किंवा राकसकोप धरणाला हे लावता येईल का? प्रोजेक्टसाठी विचारतोय.

मांडणी म्हणून छान बसते. साठा बदलण्याचा दर म्हणजे येवा (आत येणारं पाणी) वजा विसर्ग, विसर्ग हे नियंत्रण, पातळीवर वरचं बंधन: हिडकलला पूर्ण पातळी २१७५ फूट, राकसकोपला २४७५ फूट. कोटी १, म्हणजे सोपी जात. खाली मृतसाठ्याचं बंधन, ते स्वतंत्र गुणक घेतं. दरवाज्यातून किती पाणी सुटू शकतं ते पातळीवर अवलंबून असतं, हे अवस्था आणि नियंत्रण दोन्ही असलेलं मिश्र बंधन. अशा बंधनात न खरोखर येत असेल आणि ते त्याला वळवू शकत असेल, तर त्याचा गुणक साधं फलन असतो, उडी नाही.

अडचण दोन ठिकाणी येईल. हिडकलमधून घटप्रभा नदीत सोडलेलं पाणी गोकाककडे पोचायला वेळ लागतो. तिथल्या पातळीवर बंधन घातलं तर समीकरणात विलंब येतो आणि इथली सूत्रं जशीच्या तशी लागत नाहीत. दुसरं, आपण येवा आधीच माहीत आहे असं धरतो, आणि पश्चिम घाटातला जुलै ते मान्य करत नाही. म्हणून प्रोजेक्टमध्ये ठरावीक तासांनी नवा येवा घेऊन पुढच्या काही दिवसांपुरता प्रश्न पुन्हा सोडवा, पहिला विसर्ग तेवढा वापरा, परत सोडवा. प्रत्येक वेळी वरच्या बंधनाच्या गुणकाची नोंद ठेवा. तो वाढू लागला तर पातळी अजून खाली असली तरी पाणी आत्ताच सोडायला हवंय असं गणित सांगतंय.